इवलीशी ‘बंगाल’ : एका रखवालदार जहाजाची गोष्ट



आपण इंदूरची मंडळी. महू जवळच असल्यामुळे लष्कर आपल्या ओळखीचे आहे. लष्करी गाड्या, छावणी, गणवेशातले जवान हे आपण लहानपणापासून पाहतो. आरमार मात्र आपल्याला पुस्तकातच भेटते. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की आपल्याला रणगाडे आठवतात, विमाने आठवतात, अणुबाँब आठवतो, पण समुद्रावरचे युद्ध राहून जाते. या अंकात आपण त्या युद्धातली एक छोटी पण खरी गोष्ट अभ्यासणार आहोत. ही गोष्ट एका भारतीय युद्धनौकेची आहे. नौकेचे नाव ‘बंगाल’.

काफिला म्हणजे काय?

युद्ध बंदुकीने लढले जाते, असे आपण म्हणतो. पण बंदुकीला गोळी लागते, सैनिकाला भाकरी लागते, विमानाला तेल लागते. हे सगळे समुद्रमार्गे मालवाहू जहाजांतून येते. शत्रूने ही जहाजे बुडवली, तर रणांगणावरचे सैन्य आपोआप थांबते. म्हणून दोन्ही महायुद्धांत मालवाहू जहाजे हेच शत्रूचे मोठे लक्ष्य होते. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१७ या एकाच महिन्यात मित्रराष्ट्रांची आणि तटस्थ देशांची मिळून आठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. त्यानंतर ब्रिटिश आरमाराने एक जुनाच उपाय पुन्हा हाती घेतला. जहाजांना एकेकटे न पाठवता एकत्र पाठवायचे आणि सोबत युद्धनौका द्यायच्या. यालाच इंग्रजीत कॉन्व्हॉय म्हणतात. आपण त्याला काफिला म्हणू. पूर्वी वाळवंटातून किंवा घाटातून व्यापारी तांडे जात, तेव्हा सोबत हत्यारबंद माणसे असत. तीच ही पद्धत.

तुमच्यापैकी हुशार मुले लगेच विचारतील, “सर, सगळी जहाजे एकत्र आली तर शत्रूला ती सोपी सापडणार नाहीत का?” ही शंका त्या काळी मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही होती. पण समुद्र एवढा अफाट आहे की चाळीस जहाजांचा काफिलासुद्धा त्यात एका ठिपक्याएवढाच. चाळीस जहाजे सुटी पाठवली, तर शत्रूला चाळीस ठिकाणी संधी मिळते. एकत्र पाठवली तर एकाच ठिकाणी मिळते, आणि तिथे रखवालदार उभा असतो.

गणिताच्या वहीत काफिला

एक सोपे उदाहरण करून पाहा. १६ जहाजे चार-चारच्या चार रांगांत उभी करा. दोन जहाजांमधले अंतर १ किलोमीटर धरा. चौकोनाची बाजू ३ किलोमीटर आणि परिमिती १२ किलोमीटर झाली. आता ६४ जहाजे आठ-आठच्या आठ रांगांत उभी करा. बाजू ७ किलोमीटर, परिमिती २८ किलोमीटर. जहाजे चौपट झाली, पण राखायची कड दुपटीपेक्षा थोडीच जास्त वाढली. दर ४ किलोमीटरला एक युद्धनौका ठेवली, तर पहिल्या काफिल्याला ३ युद्धनौका लागतील आणि दुसऱ्याला ७. म्हणजे पहिल्यात एक युद्धनौका साधारण ५ जहाजे सांभाळते आणि दुसऱ्यात ९.

दुसऱ्या महायुद्धात शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष आकडे तपासून हाच निष्कर्ष काढला, की मोठे काफिले अधिक सुरक्षित असतात. याच ब्लॅकेट यांनी स्वातंत्र्यानंतर भारत सरकारला संरक्षण-विज्ञानाविषयी सल्ला दिला. “परिमिती शिकून पुढे काय उपयोग?” असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता रखवालदार जहाजाचे काम काय? शत्रूला बुडवणे हे त्याचे पहिले काम नव्हे. सोबतचे जहाज मुक्कामी पोचवणे हे पहिले काम. शत्रू बुडाला आणि सोबतचे जहाजही बुडाले, तर रखवालदार हरला. शत्रू सुटला पण जहाज पोचले, तर रखवालदार जिंकला. हा नियम लक्षात ठेवून पुढची गोष्ट वाचा.

‘बंगाल’चा जन्म

युद्ध सुरू झाले तेव्हा, म्हणजे १९३९ मध्ये, ‘रॉयल इंडियन नेव्ही’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या आरमाराकडे फक्त आठ युद्धनौका होत्या. एवढ्यावर हिंदी महासागर राखणे शक्य नव्हते. म्हणून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि भारत अशा तिन्ही ठिकाणी नव्या नौका बांधायला दिल्या गेल्या. ऑस्ट्रेलियात ‘बॅथर्स्ट’ नावाच्या वर्गाच्या छोट्या नौका बांधल्या जात होत्या. त्यांपैकी चार भारतासाठी होत्या : पंजाब, बंगाल, बाँबे आणि मद्रास.

‘बंगाल’ सिडनीच्या कोकाटू गोदीत तयार झाली. २८ मे १९४२ रोजी ती पाण्यात उतरली आणि ८ ऑगस्ट १९४२ रोजी आरमारात दाखल झाली. लांबी सुमारे ५७ मीटर, वजन साधारण ६५० टन, वेग ताशी १५ नॉट. समुद्रात पेरलेले सुरुंग साफ करणे, पाणबुड्या शोधणे आणि काफिल्याची राखण करणे, अशी तिन्ही कामे तिच्याकडून अपेक्षित होती. तिच्यावर ७६ मिलिमीटरची एकच मुख्य तोफ होती. तिचा गोळा जेमतेम साडेपाच किलोचा. याशिवाय विमानांवर मारा करण्यासाठी काही हलक्या तोफा होत्या. नौकेचे प्रमुख होते लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन. खलाशी बहुतेक भारतीय होते, आणि त्यांना एकत्र काम करून अवघे तीन महिने झाले होते.

११ नोव्हेंबर १९४२

‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरातून निघाले. त्याला दिएगो गार्सिया बेटामार्गे इराणच्या आखातात तेल भरायला जायचे होते. ‘बंगाल’लाही भारताकडे यायचे होते. म्हणून ओंडिनाची राखण तिच्याकडे सोपवली गेली. एक तेलवाहू आणि एक रखवालदार, एवढाच हा काफिला. ओंडिनाच्या मागच्या भागावर १०२ मिलिमीटरची एक तोफ होती, पण तिच्यासाठी गोळे होते फक्त ३२.

११ नोव्हेंबरला दुपारी बाराच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस सुमारे ५०० सागरी मैलांवर, क्षितिजावर एक अनोळखी जहाज दिसले. थोड्या वेळाने त्याच्या मागे दुसरे दिसले. ती जपानची ‘होकोकु मारू’ आणि ‘आयकोकु मारू’ ही जहाजे होती. मुळात ती प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेली. युद्धासाठी त्यांच्यावर तोफा, पाणतीर आणि समुद्रावर उतरणारी विमाने चढवली होती. प्रत्येक जहाज दहा हजार टनांहून मोठे, वेग सुमारे २१ नॉट आणि १४० मिलिमीटरच्या अनेक तोफा. त्या तोफेचा एक गोळा ३८ किलोचा. याच जोडीने त्या वर्षी हिंदी महासागरात काही मालवाहू जहाजे पकडली आणि बुडवली होती. गंमत पाहा, ‘आयकोकु’ म्हणजे देशप्रेम आणि ‘होकोकु’ म्हणजे देशाच्या ऋणाची फेड. लढाईत दोन्हीकडे देशप्रेमच असते.

विल्सन यांच्यासमोर काय पर्याय होते? पळून जाणे शक्य नव्हते. ओंडिनाचा वेग सुमारे १२ नॉट आणि शत्रूचा २१. शरण जाणे शक्य होते, पण मग ओंडिनाही गेली असती. त्यांनी तिसरा मार्ग घेतला. ओंडिनाला आपल्या वाटेने निघून जाण्याचा संदेश दिला आणि ‘बंगाल’चे तोंड सरळ शत्रूकडे वळवले. हेतू साधा होता. शत्रूच्या तोफा काही वेळ आपल्यावर ओढून घ्यायच्या, तेवढ्यात ओंडिना दूर जाईल.

ओंडिनाचे कप्तान विलेम होर्समन यांनीही विचार केला. आपल्या वेगाने आपण फार दूर जाणार नाही, हे त्यांना कळत होते. त्यांनी आपल्या एकुलत्या तोफेने होकोकु मारूवर मारा सुरू केला. आता दोन लहान तोफा एका मोठ्या जहाजावर आग ओकू लागल्या. काही मिनिटांतच एक गोळा होकोकु मारूच्या मागच्या भागात, पाणतीर ठेवलेल्या जागी लागला. मोठा स्फोट झाला, आग दारूगोळ्यापर्यंत पोचली आणि ते प्रचंड जहाज बुडू लागले. त्याच्या कप्तानासह ७६ जण मृत्यू पावले.

ओंडिना एकटी

गोष्ट इथे संपत नाही, आणि अवघड भाग इथून पुढेच आहे.

आयकोकु मारू अजून शाबूत होती. ‘बंगाल’वरही गोळे लागले होते. सुदैवाने एकही माणूस दगावला नाही. पण तिचा दारूगोळा संपत आला होता. ती लढाईतून बाजूला झाली आणि दिएगो गार्सियाच्या दिशेने निघाली. १७ नोव्हेंबरला ती तिथे पोचली, तेव्हा ओंडिना बुडाली असेच तिच्यावरील लोकांना वाटत होते.

ओंडिनाचे ३२ गोळे संपले. होर्समन यांनी माणसांचे प्राण वाचवण्यासाठी इंजिन थांबवून शरणागतीची खूण केली आणि होड्या उतरवायला सांगितले. तेवढ्यात एक गोळा नौकेच्या सुकाणूघराजवळ फुटला आणि होर्समन ठार झाले. लोक होड्यांत उतरल्यावर आयकोकु मारूने ओंडिनावर दोन पाणतीर सोडले. ते लागलेही. मग होड्यांवर मशीनगन चालवली गेली आणि आणखी काही जण मारले गेले. शरण आलेल्या, पाण्यात असहाय झालेल्या माणसांवर गोळी झाडणे युद्धाच्या नियमांतही बसत नाही. ही नोंद आपण स्पष्ट शब्दांत केली पाहिजे.

आयकोकु मारू आपल्या बुडालेल्या सोबत्याच्या माणसांना उचलून निघून गेली. तिला वाटले, ओंडिना आता बुडणारच. पण ओंडिनाच्या तेलाच्या टाक्या रिकाम्या होत्या. पाणतिरांनी भोके पडली, जहाज कलले, तरी तरंगत राहिले. प्रथम अधिकारी रेहविंकेल यांनी होड्यांतल्या माणसांना धीर दिला. काही जण परत जहाजावर चढले, आगी विझवल्या आणि इंजिन चालू केले. गुप्त संदेशांची पुस्तके शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून आधीच समुद्रात टाकलेली होती, त्यामुळे मदतही साध्या भाषेतच मागावी लागली. जखमी जहाज, जखमी माणसे आणि कप्तान नाही, अशा स्थितीत ओंडिना १८ नोव्हेंबरला फ्रीमँटलला परत पोचली.

तो गोळा कोणाचा?

होकोकु मारूला लागलेला घातक गोळा कोणाचा, हा वाद तेव्हापासून आहे. दोन्ही जहाजांनी तो आपला असे सांगितले. युद्धकाळात भारतात ‘बंगाल’च्या पराक्रमाचा मोठा गौरव झाला आणि विल्सन यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. डच सरकारने होर्समन यांना मरणोत्तर आपला सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. ओंडिनाची तोफ मोठी होती, त्यामुळे अनेक अभ्यासकांचा कल आज ओंडिनाकडे आहे.

मग ‘बंगाल’चे मोठेपण कमी होते का? रखवालदाराचा नियम आठवा. ‘बंगाल’ने शत्रूकडे तोंड वळवले, त्या क्षणी तिने आपले काम निवडले होते. नेम कोणाचा लागला, हा तोफेचा आणि नशिबाचा भाग. सोबत्याला मागे ठेवून स्वतः पुढे होणे, हा माणसांचा निर्णय.

तसाच दुसरा प्रश्न. ‘बंगाल’ने ओंडिनाला सोडून जायला हवे होते का? दारूगोळा नसताना थांबून तिने काय साधले असते? की थांबायलाच हवे होते? याचे एकच उत्तर नाही. आपल्या बाजूच्या नौकेविषयीसुद्धा असा प्रश्न विचारता आला पाहिजे. इतिहास शिकणे म्हणजे केवळ टाळ्या वाजवणे नव्हे.

कोणाचे युद्ध, कोणाचे खलाशी?

आता एक तारीख पुन्हा वाचा. ‘बंगाल’ आरमारात दाखल झाली ती ८ ऑगस्ट १९४२ रोजी. त्याच दिवशी मुंबईत गोवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव संमत झाला. एकीकडे भारतीय जनता इंग्रजांना जा म्हणत होती आणि दुसरीकडे भारतीय खलाशी इंग्रजांच्या निशाणाखाली प्राण पणाला लावत होते.

म्हणून त्या खलाशांना देशद्रोही म्हणायचे का? मुळीच नाही. युद्धापूर्वी या आरमारातील खलाशी प्रामुख्याने आपल्या कोकणातले, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातले असत आणि त्यांत कोकणी मुसलमानांची संख्या मोठी होती. समुद्र हा त्यांच्या घराण्याचा धंदा होता. युद्ध वाढले तसे सगळ्या प्रांतांतून तरुण भरती झाले. कोणी पोटासाठी आला, कोणी हौसेने, कोणी जपान व जर्मनीच्या आक्रमणाला विरोध म्हणून. युद्ध संपेपर्यंत या आरमारात सुमारे ३०,००० माणसे होती.

याच खलाशांनी पुढे काय केले, तेही पाहा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील ‘तलवार’ या आरमारी केंद्रावर खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण, अपुरा पगार आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही तात्कालिक कारणे. बघता बघता ७८ नौका आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात सामील झाले. युद्धात बरोबरीने संकट झेलणाऱ्याला जेवणाच्या ताटावर बरोबरी नाकारली, तर तो किती दिवस गप्प बसेल? नौदलाचा हा उठाव स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या पर्वातील एक महत्त्वाची घटना ठरला.

‘बंगाल’ नौका स्वातंत्र्यानंतर भारताकडेच राहिली आणि १९६० पर्यंत तिने आपल्या आरमारात सेवा केली. रखवालीचे काम मात्र संपलेले नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये भारतीय नौदलाने एडनच्या आखातात समुद्री चाच्यांपासून व्यापारी जहाजांचे रक्षण सुरू केले, आणि २०१९ मध्ये इराणच्या आखातात भारतीय तेलवाहू जहाजांना सोबत देण्याची मोहीम हाती घेतली. आपल्या घरच्या स्कूटरमधले पेट्रोल समुद्र ओलांडून आलेल्या तेलातूनच बहुतांशी बनते. समुद्र आपल्यापासून वाटतो तेवढा दूर नाही.

शब्दार्थ

नॉट – समुद्रावरील वेगाचे एकक. तासाला एक सागरी मैल
सागरी मैल – १.८५२ किलोमीटर
पाणतीर – पाण्याखालून जाणारे स्फोटक अस्त्र, टॉर्पेडो
सुरुंग – जहाज उडवण्यासाठी पाण्यात पेरलेले स्फोटक
गोलंदाज – मूळ अर्थ तोफ चालवणारा. क्रिकेटने हा शब्द तिथूनच उचलला
गोदी – जहाजे बांधण्याची व दुरुस्त करण्याची जागा

स्वाध्याय

१. १५ नॉट, १२ नॉट आणि २१ नॉट या वेगांचे ताशी किलोमीटरमध्ये रूपांतर करा.
२. समजा, शत्रूचे जहाज १८ सागरी मैल मागे आहे. त्याचा वेग २१ नॉट आणि पुढच्या जहाजाचा १२ नॉट आहे. ते किती वेळात गाठेल? शत्रूच्या तोफेचा पल्ला ९ सागरी मैल धरला, तर मारा किती वेळात सुरू होईल?
३. २५ आणि १०० जहाजांचे चौकोनी काफिले काढून त्यांच्या परिमितींची तुलना करा.
४. शाळेतील नकाशावर सिडनी, फ्रीमँटल, कोकोस बेटे, दिएगो गार्सिया आणि मुंबई शोधा व ‘बंगाल’चा मार्ग काढा.
५. वर्गात दोन गट करा. विषय : “दारूगोळा संपत आल्यावर ‘बंगाल’ने निघून जाणे योग्य होते.” प्रत्येक गटाने निदान तीन मुद्दे मांडावेत. नंतर गटांनी बाजू बदलून पुन्हा बोलावे.

उपक्रम (पालकांसह)

आपल्या घरात, नात्यात किंवा शेजारी सैन्यात, आरमारात किंवा व्यापारी जहाजांवर नोकरी केलेली वडीलधारी मंडळी असतील. मुलांनी त्यांच्याजवळ बसून विचारावे : आजोबा, तुम्ही कुठे होता? काम काय होते? घरी पत्र किती दिवसांनी पोचायचे? भीती कधी वाटली? उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावीत. तारखा व ठिकाणे नीट विचारून लिहावीत, आणि जिथे त्यांना आठवत नसेल तिथे आपल्या मनाने भर घालू नये. पालकांनी जुनी छायाचित्रे किंवा पत्रे असल्यास त्यांची प्रत वर्गशिक्षकांकडे द्यावी. विश्वस्तांनी संमती दिल्यास या वह्या एकत्र बांधून ग्रंथालयात ठेवता येतील.

‘बंगाल’वरील बहुतेक भारतीय खलाशांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नाहीत. कप्तानाचे नाव सापडते, पण दुपारच्या उन्हात तोफेला गोळा भरणारे हात कोणाचे होते, हे सहज सापडत नाही. आपल्या घरातल्या माणसांच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढे तर आपण नक्की करू शकतो.